सावलीचा दर बारा टक्के

माझी सगळी नोकरी मोजण्यात गेली. रस्ते बांधणारे वेगळे. आम्ही त्यांच्या आधी जाणारे. रस्ता रुंद करावा का, दोन पदरी पुरेल की चार पदरी लागेल, त्यात घातलेला पैसा समाजाला परत मिळेल का, याचे अहवाल लिहिणं हे आमचं काम. पुण्यातल्या एका खासगी सल्लागार कंपनीत मी अभियंता म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. माहेर फलटण तालुक्यातलं, घरात तुळशीची माळ पिढ्यान् पिढ्या. त्यामुळे ज्या रस्त्याने आजी टाळकऱ्यांच्या मागे चालत पंढरपूरला गेली, त्याच रस्त्याच्या कडेला मंडप ठोकून आमची पोरं रात्रंदिवस गाड्यांच्या रेघा ओढत बसलेली मी पाहिली आहेत.

आता कुठल्याही व्याख्यानात, कुठल्याही सरकारी कागदावर एकच शब्द भेटतो: शाश्वत वाहतूक. अमुक धोरण शाश्वत आहे का, हे तपासण्यासाठी निर्देशांक निघाले, तक्ते निघाले, गुण द्यायची पद्धत निघाली. मला या तक्त्यांचा राग नाही, मी त्यांच्यावरच पोट भरलं. पण शाश्वतीचा प्रश्न तक्त्याच्या तळाशी बेरीज करून सुटतो, हे मला पटत नाही. बेरजेला बसण्याआधीच कुणाचं किती देणं लागतो हे कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं. आमच्याकडे अशा ठरवण्याला धर्म म्हणतात. अहवालात त्याला गृहीतक म्हणतात आणि ते परिशिष्टात जातं.

आधी मोजणी कशी होते ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते ठाऊक नसतं. रस्त्यावर सलग सात दिवस, चोवीस तास, येणारं-जाणारं प्रत्येक वाहन टिपायचं. मग वेगवेगळ्या वाहनांची एका मापात बेरीज व्हावी म्हणून प्रत्येकाचं कारमध्ये रूपांतर करायचं. या मापाला पीसीयू म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० मध्ये ग्रामीण रस्त्यांसाठी जो तक्ता दिला त्यात कार म्हणजे १, मोटरसायकल अर्धा, सायकल अर्धा, बस किंवा ट्रक ३, हातगाडी ३, घोडागाडी ४ आणि मोठी बैलगाडी ८. बैलगाडी ही आठ मोटारींच्या बरोबरीची, हे वाचून पहिल्यांदा मला फार बरं वाटलं होतं. मग साहेबांनी सांगितलं, तो मान नव्हे, ती अडचण आहे. बैलगाडी आठ मोटारींइतकी वाट अडवते म्हणून आठ. बसमध्ये पन्नास माणसं असोत की पाच, ती तीनच. आणि पायी चालणाऱ्या माणसाचा आकडा त्या तक्त्यात नाहीच.

आणखी एक नियम आहे. मोजणीच्या आठवड्यात जत्रा, यात्रा, प्रदर्शन असं काही असेल तर मोजणी पुढे ढकलायची, रस्ता नेहमीसारखा झाला की मोजायचं. शास्त्र म्हणून यात काही चूक नाही. वर्षातल्या दोन दिवसांच्या गर्दीवरून रस्त्याची रुंदी ठरवली तर पैसा वाया जाईल. पण आळंदी ते पंढरपूर या वाटेवर हा नियम लावला की काय उरतं पाहा. रस्ता ज्या चालीमुळे ओळखला जातो, ज्या चालीचं नाव त्याला दिलं जातं, तीच चाल 'अपवादात्मक परिस्थिती' म्हणून गाळली जाते.

एकदा बरडच्या अलीकडे आमच्या मंडपाशी एक धनगर थांबला. आमच्या भागातले धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. घोडी, कोंबड्या, खाटल्यावर बांधलेलं लेकरू, सगळा संसार रस्त्यावरून चालतो. तो पाणी प्यायला थांबला आणि पोरांच्या हातातला कागद बघून म्हणाला, "मेंढरं कंच्या रकान्यात घालताय, ताई?" मी म्हटलं, "मामा, मेंढरांना रकाना नाही." तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याला वेगळीच काळजी होती. "रस्ता मोठा झाल्याव मधी ती भित्ताड घालणार न्हवं? मग कळप पल्याड न्यायचा कुठनं?" पुढच्या भुयारी मार्गाचं अंतर मी नकाशावर बघून सांगितलं. तेवढं अंतर मेंढरं डांबरी रस्त्याच्या कडेने, ट्रक शेजारून जात असताना चालवायची म्हणजे काय, ते तो मला समजावत बसला. माणूस दुभाजकाची फट शोधतो. मेंढरू पुढच्याच्या मागे जातं, आणि पुढचं बुजलं की सगळा कळप वाहनांपुढे. ही माहिती आमच्या अहवालात कुठेही बसत नव्हती. मी ती टिपून घेतली. पुढे ती मसुद्यातून गळाली, पानं वाढतात म्हणून.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीने, श्रीसंत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग आणि श्रीसंत तुकाराम महाराज पालखी मार्ग यांच्या चौपदरीकरणाचा पायाभरणी समारंभ झाला. दिवे घाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर, खर्च ६,६९० कोटींच्या वर. पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर, खर्च सुमारे ४,४०० कोटी. दोन्हीकडे पालखीबरोबर चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचं आराखड्यातच होतं. महामार्गाच्या प्रकल्पात चालणाऱ्याला एवढी जागा मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला आपल्याकडे आठवत नाही. त्या वाटेला नाकं मुरडणाऱ्यांनी २०१९ च्या नोव्हेंबरातला दिवे घाट आठवावा. कार्तिकीनंतर आळंदीला निघालेल्या नामदेव महाराजांच्या दिंडीत जेसीबी घुसला आणि त्यात दोघांचा जीव गेला. देशभरात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. ज्यांना मोजणीत आकडा नाही, त्यांना मृतांच्या तक्त्यात मात्र स्वतंत्र रकाना आहे.

तेव्हा माझी तक्रार रस्ता झाला याची नाही. नातेपुत्याहून बाळंतीण पुण्याला न्यायची असेल तर चौपदरी रस्ता हवाच. कांद्याच्या ट्रकला हवा, डाळिंबाला हवा. जुना दोन पदरी रस्ता पवित्र होता आणि नवा भ्रष्ट आहे, असलं काही मी म्हणणार नाही. शहरात बसून गावच्या अरुंद रस्त्याचं प्रेम करणं सोपं असतं. मला बोलायचं आहे ते या सगळ्याची किंमत आपण कशी लावतो त्याबद्दल.

रस्त्याच्या फायद्यातला सर्वात मोठा हिस्सा कशाचा असतो, सांगा पाहू? वाचलेल्या वेळेचा. पूर्वी तीन तास लागायचे, आता दोन लागतील, तर प्रत्येक प्रवाशाचा एक तास वाचला. त्या तासाला रुपयांत किंमत द्यायची, प्रवाशांच्या संख्येने गुणायचं. इथे दोन गोष्टी घडतात. पहिली, कारमधल्या माणसाचा तास बसमधल्या माणसाच्या तासापेक्षा महाग धरला जातो, कारण त्याची कमाई जास्त. म्हणजे ज्या रस्त्यावर मोटारी जास्त धावतील तो रस्ता, बाकी सगळं सारखं असताना, समाजाला अधिक हिताचा ठरतो. अर्थशास्त्रज्ञ याचं समर्थन करतात. तो जर न्याय असेल तर पंढरीच्या वाळवंटात सगळ्यांनी एकमेकांच्या पायाला हात लावायची जी रीत आहे ती अडाणीपणाची ठरवावी लागेल. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. या हिशेबात प्रवास हा नुसता तोटा धरलेला असतो. जितका कमी तितका चांगला, शून्य झाला तर उत्तम.

आता पंढरपूरचं बघा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी. माझ्या आजीच्या पिढीला ठाऊक असलेला हिशेब असा की गाडीने एक-दोन दिवसांत दर्शन होतं आणि पायी गेलं तर अडीच आठवडे. गाडी येऊन शंभराच्या वर वर्षं झाली, मग एसटी आली, जीप आल्या, आता चौपदरी रस्ता आला. आमच्या शास्त्राप्रमाणे आळंदीहून चालत जाणारा माणूस केव्हाच संपायला हवा होता. तो वाढला. याचा अर्थ वारकऱ्याला वेळेची किंमत कळत नाही असा लावणारे लोक मला भेटले आहेत. खरिपाची पेरणी उरकून, मागे कुणाला तरी गुरांची जोखीम देऊन निघालेल्या शेतकऱ्याइतकी वेळेची किंमत कुणालाच कळत नसते. तो वेळ वाचवत नाही, खर्च करतो, आणि कशावर करतो हे त्याला पक्कं माहीत असतं. वारीत देव मुक्कामाच्या शेवटी एकदाच भेटतो असं कुणी मानत नाही. शेजारी चालणाऱ्यालाच माउली म्हणतात. मग वाटेतला वेळ तोटा कसा?

पण इथे जपून बोललं पाहिजे, कारण हे म्हणता म्हणता लेखक लोक सगळ्याच चालण्याची आरती करायला लागतात. ऊसतोडीला जाणारी बाई फडापर्यंत चालते ते साधना म्हणून नव्हे. पोरगी शाळेसाठी दुसऱ्या गावाला चालत जाते आणि आठवीनंतर तिची शाळा सुटते, त्यात अध्यात्म शोधणं हा निर्दयपणा आहे. स्वतः निवडलेलं चालणं आणि नशिबी आलेलं चालणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. रस्त्याच्या हिशेबाने दुसऱ्याला दिलासा द्यावा आणि पहिल्याला वाट सोडावी, एवढंच माझं मागणं. आमचा हिशेब दोन्हीपैकी काहीच करत नाही. त्याला दोघंही दिसत नाहीत.

दिलाशाचंच म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यावर फार विनोद झाले, वसुलीचं काय होणार म्हणून अग्रलेख लिहिले गेले. आमच्या फलटण स्टँडवर मला जे दिसलं ते असं की, बायका निघाल्या. आजारी बहिणीकडे, माहेरी, जेजुरीला, दवाखान्याला. त्यांनी वेळ वाचवला नाही. जे प्रवास झालेच नसते ते झाले. असा न झालेला प्रवास मोजणीच्या कुठल्याही कागदावर येत नाही, कारण रेघ ओढायला वाहन समोरून जावं लागतं. घरात बसून राहिलेल्या बाईची रेघ कोण ओढणार? एसटी तोट्यात आहे म्हणून ती शाश्वत नाही, असं अगदी शहाणी माणसं बोलतात. रस्ता तोट्यात आहे असं कुणी बोलतं का? रस्त्याला समाजाचा फायदा मोजायची मुभा आहे, एसटीला फक्त गल्ला मोजायची. दोघांना दोन तराजू लावून मग एसटी हलकी भरली म्हणून तिला नावं ठेवायची, ही आपली पद्धत. माझ्या मते महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वाहतुकीचं जे धोरण सर्वांत नीट लोकांपर्यंत पोचलं ते बायकांच्या अर्ध्या तिकिटाचंच.

आता मथळ्यातल्या त्या बारा टक्क्यांकडे येते.

रस्त्याचे फायदे-तोटे पुढची वीस-तीस वर्षं होत राहतात. ते आजच्या रुपयांत आणायचे तर दर वर्षाला काही टक्के वजा करत जायचं. आपल्याकडे महामार्गांच्या आर्थिक मूल्यमापनात बारा टक्क्यांचा दर रूढ आहे. प्रकल्पाचा परतावा बाराच्या वर गेला की तो पास. मी हजारदा तो आकडा टाकला, त्याच्याकडे नीट बघितलं ते निवृत्तीनंतर. बारा टक्क्यांनी, तीस वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत होते तीन रुपये चौतीस पैसे. शंभर वर्षांनंतरच्या एक लाख रुपयांची किंमत होते सुमारे एक रुपया वीस पैसे. एक कटिंग चहाही नाही.

वडाची सावली ही शंभर वर्षांची वस्तू आहे. सासवड-जेजुरीच्या अंगाला, पुढे नीरेच्या पल्याड, रस्त्याच्या दुतर्फा जे जुने वड, लिंब, चिंचा होत्या त्यांतले बरेच या रुंदीकरणात गेले. अहवालात ते कुठे होते? खर्चाच्या बाजूला, 'वृक्षतोड व नुकसानभरपाई' या एका ओळीत. एका झाडामागे इतकी रोपं लावायची, इतका खर्च, विषय संपला. रोपं लावलीही आहेत. काही जगली, काही पहिल्याच उन्हाळ्यात गेली. जी जगली ती शंभर वर्षांनी वड होतील, पण बारा टक्क्यांच्या डोळ्यांना तो वड दिसतच नाही. आणि जो तोडला त्याच्या पुढच्या शंभर वर्षांची सावलीही दिसत नाही. दर तीन टक्के धरला असता तर शंभर वर्षांनंतरचे तेच लाख रुपये आजचे सुमारे पाच हजार दोनशे झाले असते. सव्वा रुपया आणि पाच हजार. झाड तेच, सावली तीच. मधला फरक कुठल्याही यंत्राने मोजलेला नाही. येणाऱ्या माणसांबद्दल आपल्याला किती वाटतं, तेवढाच तो फरक आहे.

फ्रँक रॅम्झी नावाचा केंब्रिजचा विलक्षण बुद्धिमान तरुण होता, सव्विसाव्या वर्षी गेला. त्याने १९२८ च्या निबंधात म्हटलं होतं की पुढच्या काळातलं सुख केवळ ते पुढचं आहे म्हणून कमी धरणं नीतीने टिकत नाही. कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून माणूस तसं करतो. त्याला उत्तरही आहे, आणि ते हलकं नाही. गरीब देशाने आजच्या भुकेल्याचं आधी बघावं, उद्याचा नातू आपल्यापेक्षा श्रीमंतच असेल, त्याच्यासाठी आज का राखून ठेवायचं? कंपनीतल्या एका तरुण सहकाऱ्याने हाच मुद्दा मला जेवणाच्या डब्यावर ऐकवला होता. मी त्याला म्हटलं, पैशाच्या बाबतीत तू म्हणतोस ते बरोबर असेल. नातू श्रीमंत होईल, त्याच्याकडे चार गाड्या असतील. पण तो शंभर वर्षांचा वड विकत घेऊ शकणार नाही. पैसा कितीही असला तरी वडाला शंभर वर्षांचं व्हायला शंभर वर्षंच लागतात. ज्या वस्तू पैशाने परत आणता येत नाहीत त्यांना पैशाचा दर लावला की तिथे गणित चुकतं.

आपल्या परंपरेत यासाठी एक जुनं साधन पडून आहे. माणूस जन्माला येतो तोच ऋणं घेऊन: देवांचं, ऋषींचं, पितरांचं. यात मला सदैव नवल वाटतं ते पितृऋणाचं. पूर्वज तर गेले, त्यांना परत काय देणार? म्हणून ते फेडायचं पुढच्या पिढीला. घेतलं मागून, द्यायचं पुढे. शास्त्री लोकांनी याचा अर्थ पुत्रप्राप्तीपुरता आवळून ठेवला, त्याचं मला दुःख आहे. कारण ज्याने तो वड लावला तो माझ्या आजीचा कुणी नव्हता. कुणा पाटलाने, कुणा मामलेदाराने, कुणा निपुत्रिक बाईने लावला असेल. आजी त्याच्या सावलीत भाकरी सोडून बसली, म्हणजे तिने कर्ज घेतलं. ते फेडायचं तर सावलीतच फेडावं लागेल, आणि ज्यांचं नाव ठाऊक नाही अशांना. या हिशेबात व्याजाचा दर उणे धरता येत नाही. उद्याचा माणूस दूर आहे म्हणून देणं आटत नाही.

या वडांवरून आमच्याकडे एका कीर्तनकार बुवांशी माझा वाद झाला. बुवा मोठे व्यासंगी. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताचं लक्षण सांगताना झाडाचा दृष्टांत येतो: घाव घालणारा असो की लावणारा, झाड दोघांना सारखीच सावली देतं. बुवा म्हणाले, "ताई, झाडाला वाईट वाटलं नाही, तुम्हाला का वाटतंय? समत्व ठेवा." मंडपात लोकांनी माना डोलावल्या. मला हे अजिबात मान्य नाही, आणि मी तिथेच उठून सांगितलं. ते समत्व झाडाचं आहे. ज्याच्यावर घाव पडतो त्याने ते दाखवलं तर तो थोर. ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे, किंवा माझ्यासारखी तक्त्याची वही आहे, त्याने ते उसनं घेऊन स्वतःला माफी लिहून देऊ नये. सोसणाऱ्याचा गुण हा तोडणाऱ्याचा परवाना होत नाही. संतांच्या वचनांचा असा वापर आपल्याकडे फार होतो. धरणग्रस्तांना त्याग शिकवायचा, विस्थापितांना वैराग्य. बुवा रागावले नाहीत. म्हणाले, "बरं, यावर पुढच्या वर्षी निरूपण करतो." अजून केलेलं नाही.

वाहतूक धोरणाचं मूल्यमापन ही आधुनिक गोष्ट आहे असं वाटत असेल तर दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात उभा असलेला अशोकाचा स्तंभ वाचावा. मूळचा तो तोपऱ्याचा. फिरोजशाह तुघलकाने तिथून आणवला. त्यावर सातवा स्तंभलेख आहे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. राजा सांगतो: मी रस्त्यांवर वड लावले, ते पशूंना आणि माणसांना सावली देतील. आमराया लावल्या, ठरावीक अंतरावर विहिरी खणल्या, पाणपोया केल्या. पशू आणि माणसं, दोन्ही लाभार्थींच्या यादीत आहेत. आमच्या धनगराची मेंढरं मौर्य साम्राज्यात रकान्यात होती. पण खरी गंमत पुढे आहे. एवढं सांगून अशोक म्हणतो की हे सुख काही मोठं नाही, असं पूर्वीच्या राजांनीही लोकांना दिलं. मी हे केलं ते लोक धम्माप्रमाणे वागावेत म्हणून. जगातला कुठला रस्तेमंत्री स्वतःच्या रस्त्यांबद्दल असं म्हणेल? किलोमीटर सांगून झाल्यावर, यात विशेष काही नाही, असं म्हणायचं आणि लोक एकमेकांशी कसे वागायला लागले ही कसोटी लावायची. आपल्या मुंबईजवळच्या सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तोही प्रवासाबद्दलचाच. पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रांना निघत, मी धर्मयात्रा सुरू केली, वृद्धांना भेटतो, गावोगावच्या लोकांना भेटतो, असं त्या लेखात आहे. राजा कुठे गेला याच्यापेक्षा जाऊन त्याने काय केलं, याचा तो हिशेब.

ही कसोटी लावली तर वारीचीही झाडाझडती होईल, आणि व्हावी. आज प्रत्येक दिंडीमागे सामानाचा ट्रक असतो, पाण्याचा टँकर असतो, डिझेल जळतं. पालखी पुढे गेल्यावर मुक्कामाच्या गावात जो कचरा आणि घाण मागे राहायची ती आम्ही लहानपणापासून पाहिली. फिरती शौचालयं आली तेव्हापासून ते पुष्कळ सुधारलं. डिझेलवर उतारा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विजेच्या गाड्यांबद्दल मात्र मला फार उत्साह नाही. धूर कमी होईल हे खरं, पण विजेची मोटारही पीसीयूच्या तक्त्यात एकच, तिलाही तेवढाच रस्ता लागतो आणि मेंढराला ती ऐकूसुद्धा येत नाही.

हिशेब बदलू शकतो का, असं मला विचारतात. मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा वड घ्या, सुमारे चारशे वर्षांचा म्हणून सांगत. रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता. २०२० मध्ये गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले, राज्याच्या पर्यावरणमंत्र्यांनी केंद्रीय रस्तेमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि रस्त्याची आखणी वळवली गेली. तेव्हा कुणी नवा दर शोधला नव्हता. काही माणसांनी, हे झाड आमच्या हिशेबात आहे, असं ठणकावून सांगितलं आणि अभियंत्यांना वळण काढता आलं. आम्हाला वळण काढता येतं. सांगावं लागतं, एवढंच.

कुणाला सांगता येतं, हे मात्र कायद्याने ठरवलं आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ मधल्या कलम ३ सी प्रमाणे, भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत घेता येते, पण ती त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याने. सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे तो बोलू शकतो. दिंडीतला वारकरी, फडावर जाणारी ऊसतोडीची बाई, कळप घेऊन चाललेला धनगर यांचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं. जन्माला न आलेल्याचं तर नसणारच. म्हणून ज्यांची जमीन जाते आहे अशा वाचकांना माझी विनंती आहे. मोबदल्याचं भांडण जरूर भांडा, ते तुमच्या हक्काचं आहे. पण हरकतीच्या अर्जात त्याखाली आणखी चार ओळी लिहा: मोजणी कोणत्या आठवड्यात झाली, चालणाऱ्यांना आणि जनावरांना पलीकडे जायला वाट कुठे आहे, सावलीची झाडं किती जाणार आणि त्यांच्या पुढच्या शंभर वर्षांची किंमत कोणत्या दराने लावली. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. सक्षम प्राधिकाऱ्याला तुमचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं, आणि हरकत फेटाळायची असेल तर तसा आदेश काढावा लागतो.